मृतदेह शोधणाऱ्या दिव्यदृष्टीचा पंचनामा कसा करावा

बेपत्ता माणसाचा मृतदेह कोठे पडला आहे हे आपल्याला 'दिसते', असे सांगणारी माणसे बहुतेक समाजांत आढळतात. युरोप-अमेरिकेत त्यांना सायकिक डिटेक्टिव्ह म्हणतात आणि त्यांच्यावर दूरचित्रवाणीच्या मालिकाही निघतात. आपल्याकडे हेच काम देवऋषी, भगत किंवा अंजन पाहणारा करतो, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे दिसते ही समजूत अजून पुष्कळ गावांत टिकून आहे. अशा व्यक्तीच्या दाव्याची शहानिशा करण्याची वेळ पत्रकारावर, कार्यकर्त्यावर किंवा हवालदिल झालेल्या कुटुंबातल्या एखाद्या शांत डोक्याच्या नातेवाइकावर येते, आणि ती बहुधा उशिरा येते, म्हणजे मृतदेह सापडून वर्तमानपत्रात बातमी छापून आल्यानंतर. तोपर्यंत तपासण्याजोगे फारसे काही उरलेले नसते. म्हणून या लेखातील रीत एकाच गोष्टीवर उभी आहे: शोध सुरू होण्यापूर्वी जे कागदावर उतरले तेवढेच भाकीत मानायचे, आणि त्यानंतर कोणाला काय आठवले ते हिशेबात धरायचे नाही. पोलीस घटनास्थळी दोन पंचांसमक्ष जसा पंचनामा करतात, तसाच तो भाकिताचाही करावा.

त्यासाठी या शोधकाचा रोजचा दिवस कसा जातो हे आधी समजून घ्यावे लागते. कादंबऱ्यांतील गुप्तहेराप्रमाणे तो रानोमाळ हिंडत नाही. त्याचे बहुतेक काम घरातल्या टेबलाशी चालते. उत्तर पोलंडमधील च्वुखूफ या गावी राहणारा क्शिश्तोफ यात्स्कोफ्स्की हा आज या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एक आहे. बेपत्ता व्यक्तीचे वापरलेले कपडे आणि छायाचित्र नातेवाईक त्याच्याकडे आणतात किंवा पाठवतात. तो कपड्यांचा वास घेतो, डोळ्यांपुढे येते ते सांगतो, नकाशावर जागा दाखवतो. नेदरलँड्समधील उट्रेख्टचा जेरार्ड क्रोइसेट (१९०९ ते १९८०) हा त्याच्या आधीच्या पिढीतला सर्वांत गाजलेला शोधक. तो आजारी माणसांवर हस्तस्पर्शाने उपचार करण्याचा व्यवसाय करीत असे, आणि बेपत्ता मुलांविषयी विचारणा करणारे फोन त्या कामाच्या अधूनमधून घेत असे. दोघांच्याही दिनक्रमातला मोठा भाग म्हणजे ऐकणे: रडणाऱ्या आईचे, अस्वस्थ भावाचे, कधी पोलीस ठाण्यातून बोलणाऱ्या अधिकाऱ्याचे.

पंचनाम्याचे पहिले पान याच ऐकण्याचे असावे. शोधकाने एकही शब्द उच्चारण्यापूर्वी त्याला काय काय ठाऊक होते किंवा ठाऊक असू शकले असते, याची यादी करावी. कुटुंबाने फोनवर नेमके काय सांगितले, छायाचित्रात पार्श्वभूमीला काय दिसत होते, बातमी कोणकोणत्या वर्तमानपत्रांत आली होती, शेवटचे कोणी कोठे पाहिले ही माहिती बाहेर फुटली होती का, आणि शोधकाच्या ओळखीचे कोणी त्या भागात राहते का, हे सारे त्या यादीत यावे. शक्य असेल तर फोन ध्वनिमुद्रित करावा. नातेवाईक प्रामाणिकपणे सांगतात की आम्ही काहीच बोललो नव्हतो, आणि ध्वनिफीत ऐकली की निम्मी माहिती त्यांच्याच तोंडून गेलेली निघते. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. काळजीत असलेला माणूस प्रश्न विचारतानाच उत्तराचा धागा हाती देऊन बसतो.

यानंतरचा भाग म्हणजे प्रत्यक्ष कथन, आणि तेथे सर्वांत जास्त चिकाटी लागते. शोधक जे बोलेल ते शब्दशः, त्याच क्रमाने, अडखळण्यासह उतरवून घ्यावे, आणि नंतर त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र विधान म्हणून लिहावा. 'मला पाणी दिसते आहे, जवळ झाडे आहेत, काहीतरी लोखंडी आहे, सात हा आकडा येतो आहे' हे ऐकताना एक चित्र वाटते, पण कागदावर ती चार वेगळी विधाने होतात. मग प्रत्येकापुढे दोन प्रश्न लिहावेत: हे विधान खोटे ठरायचे असेल तर मृतदेह कसा आणि कोठे सापडावा लागेल, आणि काहीही न दिसणाऱ्या माणसाने अंदाजाने हेच सांगितले असते का? पहिल्या प्रश्नाला उत्तरच देता आले नाही तर ते विधान खोडावे. सात या आकड्याला किलोमीटरचा दगड, तारीख, बसचा क्रमांक, घरातल्या माणसांची संख्या यांपैकी काहीतरी नेहमीच सापडते, त्यामुळे तो आकडा कोणत्याही शोधात खोटा ठरू शकत नाही.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या व्यवसायातले ते सर्वांत वारंवार येणारे विधान आहे. क्रोइसेटची कीर्ती प्रामुख्याने बुडालेल्या मुलांच्या शोधावर उभी राहिली. लहानपणी आपणही बुडता बुडता वाचलो आणि म्हणून अशा मुलांशी आपले मन लगेच जुळते, असे तो सांगे. पण नेदरलँड्स हा कालव्यांचा देश आहे. तेथे चार-पाच वर्षांचे मूल घराबाहेरून नाहीसे झाले तर शेजारीपाजारीही पहिली नजर कालव्याकडेच टाकतात. कोकणात, पंचगंगेच्या काठी किंवा धरणाच्या पाणलोटातल्या गावांतही हेच होईल. शिवाय पाण्यात गेलेला देह आधी तळाशी जातो, आणि कुजण्यातून निर्माण होणारे वायू साठले की वर येतो; पाणी उबदार असेल तर हे काही दिवसांत घडते, थंड असेल तर आठवडे लागतात, आणि फार थंड व खोल पाण्यात तो वर येतही नाही. म्हणजे 'तो पाण्यात आहे आणि लवकरच दिसेल' हे उन्हाळ्यात केलेले भाकीत कोणताही अनुभवी कोळी किंवा गळ टाकून शोध घेणारा पाणबुड्या करू शकतो, आणि तो त्याचे भाकीत म्हणून नावही घेत नाही. त्यामुळे पाणी या शब्दाला गुण द्यायचा असेल तर कोणते पाणी, कोणत्या काठाला, कोणत्या ओळखीच्या खुणेपासून किती अंतरावर, एवढे तरी मागावे. हे विचारल्यावर शोधक चिडला, तर तेही पंचनाम्यात लिहावे.

नकाशाचे काम त्यामानाने सोपे आहे, कारण तेथे अंकगणित मदतीला येते. समजा, दहा किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद पट्ट्यात, म्हणजे १०० चौरस किलोमीटरमध्ये शोध चालू आहे, आणि शोधकाने दोन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून दिले. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस किलोमीटर भरते. डोळे मिटून बोट ठेवणाऱ्या माणसालाही असे वर्तुळ आठातून एकदा बरोबर लागेल. प्रत्यक्षात शक्यता याहून जास्त असते, कारण मृतदेह नकाशाभर सारखे विखुरलेले नसतात. ते रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, विहिरीत, वाटेपासून थोड्या आतल्या झाडीत सापडतात, आणि वर्तुळ काढणाराही तशाच जागा निवडतो. आता गाजलेल्या प्रकरणात वीस जणांनी, एकमेकांना न विचारता, प्रत्येकी एक वर्तुळ पाठवले असे धरले, तर त्यांपैकी निदान एकाचे बरोबर येण्याची शक्यता ९३ टक्क्यांच्या आसपास जाते. मृतदेह सापडल्यावर वर्तमानपत्र त्या एकाची मुलाखत घेते. उरलेल्या एकोणीस जणांची पत्रे पोलीस ठाण्यातल्या फायलीत पडून राहतात. आपल्या दुष्काळी भागात पाणाड्याचे नाव असेच होते: त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागले की गावभर बोलबाला होतो, आणि कोरड्या गेलेल्या बोअरचा हिशेब कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्यापुरता राहतो. तेव्हा यशाची गोष्ट सांगणाऱ्याकडे त्या वर्षी दिलेल्या सगळ्या वर्तुळांची वही मागावी. ती वही मला तरी अजून कोणाकडे दिसलेली नाही.

पंचनाम्याच्या या पानांवर तारीख, वेळ, उपस्थितांची नावे आणि शोधकाशी वा कुटुंबाशी संबंध नसलेल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. एक प्रत पाकिटात बंद करून सीलबंद अवस्थेत तिसऱ्याकडे ठेवावी, आणि एक प्रत तपास अधिकाऱ्याला देऊन तिची पोच घ्यावी. पोच घेणे हा उपचार वाटतो, पण पुढे सगळा वाद त्या शिक्क्यावरच्या तारखेवर येऊन थांबतो. शोधकाने नंतर विधान बदलले, तर जुने खोडू न देता नवे विधान नव्या तारखेने वेगळ्या पानावर लिहावे.

विधाने बदलत गेली की काय होते, याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. २६ जानेवारी १९६६ रोजी ॲडलेडजवळच्या ग्लेनेल्ग समुद्रकिनाऱ्यावर गेलेली ब्यूमाँट कुटुंबातील तीन भावंडे, वयाने नऊ, सात आणि चार वर्षांची, परतलीच नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्रोइसेटला तेथे नेण्यात आले. पत्रकारांच्या गराड्यात त्याने किनाऱ्याच्या आसपासच्या जागा पाहिल्या, त्याचे म्हणणे दिवसागणिक पालटत गेले, आणि अखेरीस मुलांच्या घराजवळच्या एका गोदामाच्या नव्या काँक्रीटच्या जमिनीखाली देह आहेत असे त्याने सांगितले. मालक इमारत तोडायला तयार नव्हते. लोकांनी सुमारे ४० हजार डॉलर जमवले, आणि १९६७ मध्ये जमीन उकरण्यात आली. काही मिळाले नाही. तरीही संशय जिवंत राहिला आणि १९९६ मध्ये ती इमारत अंशतः पाडली जात असताना तेथे पुन्हा खोदले गेले. तेव्हाही काही मिळाले नाही, आणि ते प्रकरण अद्याप सुटलेले नाही. पंचनामा करणाऱ्याने यातून एक व्यावहारिक नियम घ्यावा: खोदण्यापूर्वीच लेखी ठरवावे की किती जागा, किती खोल, कोणाच्या खर्चाने, आणि काही न मिळाल्यास ते विधान कायमचे चुकीचे मानले जाईल. शेवटचे कलम गाळले तर खोदणे कधीच संपत नाही, कारण आणखी एक फूट खाली असेल, पलीकडच्या खोलीत असेल, ही आशा कोणत्याही पुराव्याने मरत नाही.

खोदण्याचा निर्णय पोलिसांनीही घाईने घेऊ नये. जून २०११ मध्ये टेक्सासमधील लिबर्टी काउंटीत, आपल्याला दिव्यदृष्टी आहे असे सांगणाऱ्या एका महिलेने फोन करून एका घराच्या आवारात लहान मुलांसह पंचवीस-तीस जणांचे देह पुरले असल्याचे कळवले. पोलीस गेले, वाहिन्यांची हेलिकॉप्टरे गेली, जगभर 'सामूहिक कबर' अशी बातमी झाली, आणि त्या जागी एकही मृतदेह नव्हता. घरमालक जोडप्याने दावा लावला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने त्या महिलेविरुद्ध सुमारे ६८ लाख डॉलरची नुकसानभरपाई मंजूर केली. म्हणून विधानात कोणा जिवंत व्यक्तीचे नाव, घर किंवा शेत येत असेल, तर तो भाग पंचनाम्यात वेगळ्या बंद पाकिटात जावा, फक्त पोलिसांना द्यावा, आणि गावात त्याचा उच्चारही होऊ देऊ नये. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिच्याबद्दल संशय पसरवणे, तसेच तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे व लोकांना फसवणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंतचा आहे. 'तुमच्या भाऊबंदांपैकीच कोणीतरी केले आहे' हे अंजनातून निघालेले वाक्य एखाद्या कुटुंबाला दोन पिढ्या पुरते.

मृतदेह सापडला की पाकीट उघडण्याची घाई होते. ते उघडण्यापूर्वी तो कसा सापडला हे लिहून काढावे. गुराखी, मासेमार, सकाळी फिरायला निघालेला माणूस, त्याचा कुत्रा, अथवा पोलिसांचे प्रशिक्षित श्वान यांनी तो शोधला असेल, तर भाकीत जुळले तरी भाकिताने शोध लावला असे म्हणता येत नाही. यशस्वी शोधकांकडे पोलीस ठाण्यांनी दिलेली पत्रे असतात, आणि यात्स्कोफ्स्कीने तर अशा पत्रांचा संग्रहच बाळगला आहे. अशी पत्रे वाचताना हाच फरक पाहावा: पत्र असे म्हणते का की याच्या सांगण्यावरून आम्ही तेथे गेलो आणि देह मिळाला, की एवढेच म्हणते की देह ज्या परिसरात मिळाला त्याचा उल्लेख याने केला होता? आणि पत्रावर न थांबता सही करणाऱ्या अधिकाऱ्याला जाऊन भेटावे. उट्रेख्ट विद्यापीठातील परामानसशास्त्राचे प्राध्यापक विल्हेल्म टेनहाफ यांनी क्रोइसेटच्या यशाच्या कथा अनेक वर्षे प्रसिद्ध केल्या, आणि प्राध्यापकांनी लिहिल्या म्हणून त्या जगभर उद्धृत झाल्या. पीट हाइन हूबेन्स या डच पत्रकाराने एवढेच केले की मूळ कागद आणि मूळ साक्षीदार गाठले. जाळपोळीच्या एका प्रकरणात ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या दाखल्यावर सगळी कथा बेतलेली होती, त्यानेच छापलेला तपशील नाकारला. शंभर पानांच्या युक्तिवादापेक्षा ही एक भेट अधिक उपयोगी पडली.

गुण देण्याचे काम शोधकाने, कुटुंबाने किंवा पंचनामा लिहिणाऱ्याने करू नये. कोणते विधान कोणाचे हे ठाऊक नसलेल्या माणसाकडे शोधकाच्या विधानांत तितकीच दुसऱ्यांची विधाने मिसळून द्यावीत आणि कोणती या प्रकरणाला लागू पडतात ते त्याला निवडायला सांगावे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात जवळपास असेच केले: तीन सायकिक आणि तीन विद्यार्थी यांच्यापुढे सुटलेल्या गुन्ह्यांशी संबंधित एक बूट, एक स्कार्फ आणि एक बंदुकीची गोळी ठेवली, आणि विधाने तपासली असता सायकिकांची कामगिरी विद्यार्थ्यांहून सरस नव्हती. त्यापूर्वी १९७९ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ मार्टिन रायझर यांनी बारा सायकिकांना चार गुन्ह्यांवर बसवून पाहिले होते. तपासाला उपयोगी पडेल असे त्यातून निघाले नाही. एक उणेपण मान्य केले पाहिजे: हे प्रयोग लहान होते, आणि शांत खोलीत आपली शक्ती चालत नाही असे कोणी म्हटले तर त्याला पुन्हा प्रत्यक्ष प्रकरणाच्या पंचनाम्याकडेच यावे लागते.

प्रत्यक्ष प्रकरणांत खरोखर विचार करायला लावणारी उदाहरणे थोडी आहेत, आणि ती टाळू नयेत. डिसेंबर १९८० मध्ये लॉकहीड कंपनीत काम करणाऱ्या एका महिलेने लॉस एंजेलिस पोलिसांना सांगितले की, बेपत्ता परिचारिकेचा देह एका घळीत पडलेला आपल्याला दिसला. नंतर ती स्वतः घरच्या माणसांसह लोपेझ कॅन्यनमध्ये गेली आणि देह तेथे होता. पोलिसांनी तिलाच संशयित ठरवून चार दिवस कोठडीत ठेवले. खरे गुन्हेगार पुढे सापडले, तिने दावा लावला, आणि १९८७ मध्ये ज्यूरीने तिला २६ हजार डॉलरहून थोडी अधिक भरपाई दिली. येथे कथन शोधाच्या आधीचे आहे, पोलिसांपुढचे आहे आणि जागा नेमकी आहे, म्हणून पंचनाम्याचे हे तीन निकष ते पार करते. उरतो तो पहिल्या पानाचा प्रश्न: ही माहिती तिच्यापर्यंत साध्या वाटेने, वस्तीतल्या कुजबुजीतून, नकळत पोचली असू शकते का? भरपाई मिळाली ती बेकायदा अटकेबद्दल. तिच्या दृष्टीविषयी न्यायालयाने निर्णय दिलेला नाही, आणि अशा निकालाचा दाखला कोणी दिव्यदृष्टीला मिळालेली मान्यता म्हणून देत असेल तर तो सोडून द्यावा. ज्याला स्वतःलाच असे काही दिसते त्याने मात्र या घटनेवरून एवढे करावे की ते लेखी स्वरूपात पोलिसांना द्यावे आणि त्या जागी स्वतः पाय ठेवू नये, कारण तेथे उमटलेले आपले ठसे तपासाचाही नाश करतात.

या सगळ्या रीतीत एक विधान असे आहे की ज्याची वाट पाहत बसता येत नाही, आणि ते म्हणजे 'तो आता जिवंत नाही'. अमेरिकेतील सिल्व्हिया ब्राउन या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध सायकिकने २००३ मध्ये मिसुरीतील एका बेपत्ता मुलाच्या आईवडिलांना सांगितले की त्यांचा मुलगा मरण पावला असून देह जंगलात दोन मोठ्या खडकांजवळ आहे. जानेवारी २००७ मध्ये तो मुलगा सेंट लुइसच्या उपनगरातील एका घरात जिवंत सापडला. २००४ मध्ये तिने क्लीव्हलँडमधील एका आईला मुलगी गेल्याचे सांगितले. ती आई २००६ मध्ये वारली, आणि मुलगी मे २०१३ मध्ये कैदेतून सुटून बाहेर आली. २०१० मध्ये एका शंकावादी नियतकालिकाने ब्राउनने बोललेली ११५ प्रकरणे तपासली, तेव्हा ज्यांचा शेवट पक्का ठाऊक होता त्यांपैकी एकाही प्रकरणात तिचे म्हणणे खरे ठरलेले नव्हते.

तेव्हा मृत्यूचे विधान निघाले, तर ते पंचनाम्यात नोंदवावे आणि त्याच क्षणी बाजूला ठेवावे. कुटुंबाला ते सांगायचे असेल तर पुराव्यासह पोलिसांनी सांगावे. त्या दिवशी करण्याची कामे वेगळी आहेत. पोलीस ठाण्यात मिसिंग दाखल झाली आहे का आणि तिचा क्रमांक हाती आहे का ते पाहावे. चोवीस तास थांबा असे कोणी म्हणाले तर ऐकू नये, आणि बेपत्ता व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांचा आधार घेऊन अपहरणाचा गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. शेवटचे मोबाइल लोकेशन आणि वाटेवरच्या सीसीटीव्हीचे चित्रण आधी मागावे, कारण चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते. शेजारच्या जिल्ह्यांत अकस्मात मृत्यू म्हणून नोंदलेल्या अनोळखी देहांची माहिती लेखी अर्जाने मागवावी, त्यात उंची, दातांची ठेवण, जुन्या अस्थिभंगाच्या खुणा, गोंदण आणि अंगावरचे दागिने यांचे वर्णन द्यावे, आणि आईवडिलांचे डीएनए नमुने जुळवणीसाठी घ्यावेत अशी विनंती त्याच अर्जात करावी. शोधकाच्या वर्तुळाचा कागद या अर्जासोबत जोडायचा की नाही हे तपास अधिकाऱ्यावर सोपवावे. जोडलाच तर त्यावर मिळाल्याची तारीख आणि वेळ मात्र असावी.